माध्यमिक शिक्षकांना तुलनात्मक शासनव्यवस्था शिकवण्याचे प्रशिक्षण कसे आखावे?

आपण विचारले आहे की नववी-दहावीला राज्यशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यायचे असल्यास तुलनात्मक शासनव्यवस्थेचा भाग कोठून सुरू करावा. मी अनेक वर्षे अशा प्रशिक्षणांत सुलभक म्हणून काम केले आहे. माझे उत्तर असे, की सुरुवात देशापासून न करता प्रश्नापासून करावी आणि पहिला प्रश्न शिक्षकांच्या गावातला असावा.

सुरुवातीच्या प्रशिक्षणांत मी सकाळी ब्रिटन, दुपारी अमेरिका, दुसऱ्या दिवशी स्वित्झर्लंड असा क्रम ठेवत असे. शिक्षक वह्या भरून नेत, पण वर्गात गेल्यावर त्याचे ‘फरक स्पष्ट करा’ एवढेच उरे. हे शिक्षक बहुधा इतिहासाचे किंवा भाषेचे पदवीधर असतात आणि राज्यशास्त्र त्यांच्याकडे इतिहासाला जोडून आलेले असते. त्यांना आणखी माहिती देण्यापेक्षा माहितीकडे पाहण्याची रीत देणे अधिक गरजेचे आहे, हे मला उशिरा उमगले.

एका सत्रात एका शिक्षिकेने सांगितले की त्यांच्या गावी सरपंच एका पॅनेलचे आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या पॅनेलचे निवडून आल्यामुळे मासिक सभेत ठराव अडून राहतात. मी फळ्यावर त्यांचे वाक्य लिहिले आणि सरपंचांच्या जागी ‘राष्ट्राध्यक्ष’, सदस्यांच्या जागी ‘काँग्रेस’ (म्हणजे अमेरिकेची संसद) असे शब्द घातले. अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत त्या दिवशी वेगळी समजावून सांगावी लागली नाही. महाराष्ट्रात 2017 मध्ये सरपंचाची थेट निवडणूक आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आली; म्हणजे कार्यकारी प्रमुख लोकांनी निवडावा की सभागृहाने, या जुन्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आपल्या खेड्यांनी पाच वर्षांत अनुभवली आहेत. इतके जवळचे साहित्य हाताशी असताना पाठाची सुरुवात वॉशिंग्टनपासून करण्याचे कारण नाही.

दुसऱ्या दिवसासाठी सरकार पडण्याचा प्रश्न घ्यावा. 17 एप्रिल 1999 रोजी लोकसभेत वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव 269 विरुद्ध 270 असा एका मताने फेटाळला गेला, पर्यायी सरकार उभे राहिले नाही आणि देशाला निवडणुकीला सामोरे जावे लागले. जर्मनीत मात्र अविश्वास ठराव आणून चान्सलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, हटवायचे असेल तर त्याच ठरावाने नवा चान्सलर निवडावा लागतो. 1982 मध्ये चान्सलर हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते याच मार्गाने. वायमार काळात, म्हणजे हिटलरपूर्व जर्मन प्रजासत्ताकात, सरकार पाडण्यापुरते एकत्र येणारे, पण सरकार चालवायला एकत्र न येणारे पक्ष पाहिल्यामुळे जर्मनांनी ही तरतूद केली. अशी व्यवस्था भारतात असावी का, यावर शिक्षकांचे दोन गट करून वाद घडवून आणावा आणि मध्यंतरानंतर त्यांच्या बाजू बदलाव्यात. स्वतःच्या मताविरुद्ध प्रामाणिकपणे युक्तिवाद करणे किती कठीण आहे, हे शिक्षकाने स्वतः अनुभवलेले असले पाहिजे.

येथे शिक्षकांची खरी भीती बाहेर येते: वर्गात पक्षाचे नाव निघाले तर पालक काय म्हणतील? ही भीती झटकून टाकू नये. त्यासाठी जर्मनीतच 1976 साली बॉयटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणाच्या तज्ज्ञांच्या बैठकीतून पुढे आलेली तत्त्वे सांगावीत: विद्यार्थ्यावर आपले मत लादू नये, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती व हित ओळखता येईल असे शिकवावे. यांतल्या दुसऱ्या तत्त्वावर मी सर्वाधिक वेळ देतो, कारण वाद टाळणे म्हणजे निःपक्षपातीपणा अशी समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे.

तिसऱ्या दिवशी व्याख्यान ठेवू नये. प्रत्येक शिक्षकाने वीस मिनिटांचा पाठ घ्यावा, इतरांनी विद्यार्थी व्हावे, आणि पाठानंतर सुलभकाने एवढेच विचारावे की या पाठातला कोणता प्रश्न असा होता, ज्याचे उत्तर पुस्तकात नव्हते.