बचाव लावून बसणाऱ्या संघाशी सामना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी फुटबॉलबद्दल आलेले बहुतेक प्रश्न एकाच अडचणीचे आहेत. समोरचा संघ गोल करण्यासाठी नव्हे, तर गोल होऊ न देण्यासाठी उतरतो, सामना टायब्रेकरपर्यंत (आळीपाळीने पेनल्टी मारून लागणाऱ्या निकालापर्यंत) नेतो आणि तिथे कोणाचेही पारडे जड होऊ शकते. ही अडचण जिल्हा स्पर्धेतल्या संघाची जितकी आहे तितकीच विश्वविजेत्यांचीही राहिली आहे, म्हणून उत्तरांत दोन्हीकडचे दाखले घेतले आहेत.

प्रश्न : रविवारी आमच्या तालमीच्या संघाचा बाद फेरीचा सामना आहे. प्रतिस्पर्धी पाच बॅक (बचावपटू), त्यांच्यापुढे चार हाफ (मधल्या फळीतले) आणि एकच फॉरवर्ड (आघाडीचा खेळाडू) अशी रचना लावून स्वतःच्या गोलसमोर थांबतात. साखळीत त्यांच्याशी गोलशून्य बरोबरी झाली, पण चेंडू बहुतेक वेळ आमच्याकडेच होता. आता वेगळे काय करावे? (एक प्रशिक्षक, कोल्हापूर)

चेंडू बहुतेक वेळ तुमच्याकडे होता, ही गोष्ट मी तुमच्या जमेला धरणार नाही, कारण तो त्यांनी तुम्हाला स्वखुशीने दिला होता. 2018 च्या विश्वचषकात मॉस्कोला स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले. रशियाने पाच बॅक लावले होते. 120 मिनिटांत स्पेनच्या खात्यावर जो एक गोल जमा झाला तो रशियाचा स्वयंगोल होता, आणि 1-1 अशा बरोबरीनंतर टायब्रेकरमध्ये रशियाने 4-3 अशी बाजी मारली. त्या सामन्याची चित्रफीत मुलांना जरूर दाखवा, पण पास मोजण्यासाठी नव्हे. प्रत्येक पासनंतर रशियाचे किती खेळाडू जागचे हलले, एवढेच पाहायला सांगा. ज्या पासमुळे समोरचा एकही माणूस हलत नाही, त्या पासने तुमचा वेळ खर्च होतो आणि त्यांना विश्रांती मिळते.

आता मैदानाचा हिशेब पाहू. मोठ्या मैदानाची रुंदी साधारण 68 मीटर असते आणि पेनल्टी क्षेत्राची (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीची) 40.3 मीटर. पाच बॅक एकमेकांपासून सात-आठ मीटरवर उभे राहिले, तर त्यांची रांग अठ्ठावीस ते बत्तीस मीटर व्यापते, म्हणजे पेनल्टी क्षेत्राइतकीही रुंद नसते. चेंडू उजव्या विंगला (कडेला) गेला की ती सगळी रांग उजवीकडे सरकते आणि डावीकडे वीस-पंचवीस मीटरची पट्टी मोकळी पडते. ती पट्टी तुम्हालाही दिसते आणि त्यांनाही दिसते. चेंडू तिथे आधी पोहोचतो की त्यांची रांग, एवढाच प्रश्न उरतो. बहुतेक स्थानिक संघांत उजव्या विंगकडून चेंडू परत हाफकडे येतो, हाफ तो थांबवतो, मान वर करून पाहतो, स्टॉपरला (मधल्या बॅकला) देतो, स्टॉपर पुन्हा दोन स्पर्श घेतो, आणि तो डाव्या विंगला मिळेपर्यंत पाचही बॅक तिथे हजर झालेले असतात. हेच दोन पासांत, प्रत्येकी एका स्पर्शात झाले, तर तुमच्या डाव्या विंगरसमोर एकच बॅक उरतो आणि त्याच्या मदतीला येणारा हाफ अजून वाटेत असतो. ते दोन-तीन सेकंद मिळवण्यासाठीच उजवीकडचा सारा खेळ करायचा असतो. डाव्या विंगरने मात्र त्यासाठी रेषेला चिकटून थांबण्याचा संयम ठेवला पाहिजे. चेंडू मिळत नाही म्हणून आत सरकत येणारा विंगर प्रतिस्पर्ध्याचेच काम हलके करतो.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते आणि आपल्याकडे तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. त्यांचा फॉरवर्ड एकच आहे, म्हणजे तुमच्या दोन स्टॉपरपैकी एकाला कोणीही अडवत नाही. त्याने चेंडू मिळताच तो पुढे देऊन मोकळे होऊ नये, तर चेंडू पायात घेऊन सरळ पुढे चालत जावे आणि समोरचा कोणी हाफ आपल्या अंगावर येईपर्यंत थांबू नये. हाफ आला नाही, तर तुमचा स्टॉपर पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी पोहोचतो आणि तिथून फटका मारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. हाफ आला, तर त्याच्या पाठीमागे दार उघडते. त्याच क्षणी त्या जागेत उतरलेल्या आपल्या माणसाला पास द्यायचा, त्याने तो न थांबवता तिसऱ्याला सोडायचा आणि तिसऱ्याने त्याआधीच पळ काढलेला असायचा. पहिला देणारा, दुसरा वळवणारा आणि तिसरा पळणारा, अशी ही तिघांची साखळी आहे, आणि बचाव करणाऱ्याला या तिसऱ्या माणसाचीच खरी अडचण होते, कारण त्याची नजर तोवर चेंडूवर खिळलेली असते.

रविवारपर्यंत नवी रचना शिकवू नका. अर्ध्या मैदानावर फक्कीने पाच उभ्या पट्ट्या आखा, नऊ जणांना बचावाला उभे करा आणि बाकीच्यांना एकच अट घाला की पुढच्या रांगेतले दोन खेळाडू एका वेळी एका पट्टीत दिसता कामा नयेत. पहिले दोन दिवस गोंधळ होईल. तिसऱ्या दिवशी मुले चेंडू येण्याआधी मान वळवून शेजारच्या पट्टीत कोण आहे ते पाहू लागली, तर तुमचे काम झाले.

प्रश्न : आमच्या गावच्या संघाचे दोन्ही विंगर वेगवान आहेत. मागच्या सामन्यात आम्ही सतत क्रॉस (कडेवरून गोलसमोर उचललेले चेंडू) टाकले, पण त्यांचे उंच स्टॉपर सगळे हेडरने परतवत राहिले. क्रॉस सोडूनच द्यावेत का? (सासष्टी, गोवा)

सोडून देऊ नका, पण ते कुठून टाकता ते बदला. पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून, मैदानाच्या कडेवरून उंच उचललेला चेंडू स्टॉपरला समोरून येताना दिसतो, त्याला फक्त पुढे झेपावायचे असते. तोच विंगर गोलरेषेपर्यंत पोहोचला आणि तिथून त्याने जमिनीलगत मागे, पेनल्टीच्या ठिपक्याकडे किंवा त्याहून थोडा बाहेर चेंडू ओढला, तर सगळे चित्र उलटते. बॅक स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावत असतात, त्यामुळे त्यांच्या पायाला लागलेला चेंडूही त्यांच्याच जाळीत जाण्याची भीती असते, आणि मागून येणारा तुमचा हाफ मात्र सगळे मैदान समोर ठेवून येतो. शिवाय तो चेंडूच्या मागे असल्याने ऑफसाइडचा (पास दिला जाताना चेंडूच्या आणि बचावाच्या रांगेच्या पुढे सापडण्याचा) प्रश्नच उद्भवत नाही.

यासाठी 25 मे 1967 चा लिस्बनमधला युरोपियन कपचा अंतिम सामना मला नेहमी आठवतो. इटलीचा इंटर मिलान हा त्या काळचा बचावातला सर्वांत कसलेला संघ. सातव्या मिनिटाला पेनल्टीवर त्यांनी आघाडी घेतली आणि मग ते मागे जाऊन बसले. समोर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा सेल्टिक होता. त्याचे सगळे खेळाडू ग्लासगोच्या तीसेक मैलांच्या टापूत जन्मलेले होते, म्हणजे तुमच्यासारखाच एका मुलखाचा संघ. त्यांनी दोनदा चेंडू आडव्या खांबावर आपटला, पण डगमगले नाहीत. 63 व्या मिनिटाला उजवा बॅक जिम क्रेग पुढे घुसला, त्याने चेंडू आत न टाकता पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर सोडला आणि तिथे धावत आलेल्या डाव्या बॅकने, टॉमी गेमेलने, तो जाळीत मारला. एका बॅकने दिला आणि दुसऱ्या बॅकने मारला. इंटरचे बचावपटू सेल्टिकच्या फॉरवर्डना धरून होते, पण मागून येणाऱ्या बॅकचा हिशेब कोणाकडेच नव्हता. 84 व्या मिनिटाला बॉबी मर्डोकचा फटका स्टीव्ही चाल्मर्सने गोलसमोर वळवला आणि सेल्टिक 2-1 ने जिंकले. तुमच्या विंगरला गोलरेषा गाठायची सवय लावा आणि एका बॅकला पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी येऊन उभे राहायची.

प्रश्न : आम्ही सगळे पुढे गेलो की एका लांब चेंडूवर गोल खातो. मग मुले घाबरून पुढे जातच नाहीत. (शालेय संघाच्या क्रीडाशिक्षिका, नाशिक)

मुलांचे बरोबर आहे, कारण मागची व्यवस्था पक्की नसेल तर पुढे जाणे हा धोकाच आहे. 2018 च्या विश्वचषकात कझानला गतविजेत्या जर्मनीला दक्षिण कोरियाविरुद्ध विजय हवा होता. भरपाई वेळेत कोरियाने कॉर्नरनंतर पहिला गोल केला, मग जर्मनीचा गोलरक्षक मॅन्युएल नॉयर स्वतः कोरियाच्या अर्ध्यात गेला, तिथे त्याच्याकडून चेंडू गेला आणि सोन ह्युंग-मिनने रिकाम्या गोलमध्ये दुसरा मारला. पण ती शेवटच्या क्षणांची घाई होती. आपल्याकडे तीच चूक दहाव्या मिनिटापासून होते.

आक्रमण चालू असतानाच बचाव मांडलेला असावा. प्रतिस्पर्ध्याचा एक फॉरवर्ड पुढे असेल, तर तुमचे दोघे त्याच्याजवळ हवेत. एक त्याला अगदी चिकटून आणि गोलच्या बाजूने, दुसरा पाच-सात मीटर मागे, लांब चेंडू डोक्यावरून गेला तर उचलायला. या दोघांच्या पुढे, मध्यभागी, एक हाफ थांबलेला असावा. मी सामने पाहताना नेहमी या तिघांकडे पाहतो, आणि अनेकदा दिसते ते असे की आपला कॉर्नर चालू असताना स्टॉपर कमरेवर हात ठेवून गंमत पाहत उभा असतो आणि त्यांचा फॉरवर्ड त्याच्या पाठीमागे हळूच चार पावले सरकलेला असतो. गोल त्या चार पावलांत झालेला असतो, चेंडू नंतर येतो.

दुसरे काम पुढच्या मुलांचे. चेंडू गेला की जवळच्या तिघांनी पहिली पाच सेकंदे त्याच्यावर तुटून पडायचे, म्हणजे समोरच्याला मान वर करून लांब चेंडू द्यायला उसंत मिळत नाही. पाच सेकंदांत मिळाला नाही, तर सगळ्यांनी मागे फिरायचे. एवढी दोन कामे पक्की झाली की पुढे जायला मुले घाबरणार नाहीत.

प्रश्न : कॉर्नर आणि फ्री किकचा सराव आम्ही शेवटी पाच-दहा मिनिटे करतो. ते पुरेसे आहे का? (पुणे)

नाही. बचावाच्या भिंतीशी सामना असेल, त्या आठवड्यात निम्मा सराव याला द्यावा, कारण भिंत लावणाऱ्या संघाला कॉर्नर द्यावेच लागतात. 15 ऑक्टोबर 2019 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर बांगलादेशाने पूर्वार्धात आघाडी घेतली आणि भारतीय संघ उरलेला वेळ दारावर धडका देत राहिला. 88 व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर आदिल खानने हेडरने बरोबरी साधली. दोघेही गोव्याचे. चालू खेळात जे जमले नाही ते थांबलेल्या चेंडूवर जमले. ग्रीसने तर 2004 ची युरो स्पर्धा याच बळावर जिंकली. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामने त्यांनी कॉर्नरवरच्या एकेका हेडरने 1-0 असे जिंकले. दोनच योजना बसवा, पण अशा बसवा की मारणाऱ्याने हात वर करताच प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असेल.

प्रश्न : प्रतिस्पर्धी मागे बसेल असे धरून आम्ही तयारी केली, पण ते मध्यरेषेजवळ रांग लावून उभे राहिले आणि आमचे फॉरवर्ड सतत ऑफसाइड सापडले. (मुंबई)

बचावात्मक म्हणजे मागे बसणारा, हे समीकरण पुसून टाका. 22 नोव्हेंबर 2022 ला कतारच्या विश्वचषकात लुसेलला सौदी अरेबियाने अर्जेंटिनासमोर अशीच पुढे रांग लावली आणि पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे बाद झाले. उत्तरार्धात सौदीने पाच मिनिटांत दोन गोल करून सामना 2-1 ने जिंकला.

अशा रांगेविरुद्ध, तिच्या बरोबरीने उभ्या असलेल्या फॉरवर्डला चेंडू देऊ नका. त्याला पाच मीटर मागे, आपल्याकडे यायला सांगा. त्याच्याबरोबर स्टॉपर पुढे ओढला जाईल आणि त्याच वेळी मागून, हाफच्या रांगेतून निघालेला खेळाडू त्या मोकळ्या जागेत शिरेल. तो धावत येतो आणि रांग उभी असते, म्हणून तो थोडा मागून निघाला तरी पुढे पोहोचतो. त्याने सरळ नव्हे, तिरके पळावे. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो हेही विसरू नका, त्या वेळी एका फॉरवर्डला खुशाल रांगेच्या मागे उभे करता येते.

प्रश्न : समोरचा गोलरक्षक चेंडू धरून वेळ काढतो. काय करता येईल? (नागपूर)

2025-26 च्या हंगामापासून नियम बदलला आहे. गोलरक्षकाने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला, तर आक्रमण करणाऱ्या संघाला कॉर्नर मिळतो, आणि शेवटची पाच सेकंदे पंच हात वर करून मोजून दाखवतात. तुमच्या स्पर्धेत हा नियम लागू आहे का, हे सामन्याआधी कर्णधाराने पंचांना नम्रपणे विचारून घ्यावे.

प्रश्न : एवढे करूनही टायब्रेकर आलाच तर? (पहिल्याच प्रशिक्षकांचा पुरवणी प्रश्न, कोल्हापूर)

2022 च्या विश्वचषकात मोरोक्कोशी खेळण्याआधी स्पेनचे प्रशिक्षक लुईस एनरिके यांनी सांगितले होते की, किमान हजार पेनल्टी मारून या, असा गृहपाठ खेळाडूंना वर्षभरापूर्वीच दिलेला आहे. 120 मिनिटे गोलशून्य गेली आणि टायब्रेकरमध्ये स्पेनच्या तिघांपैकी एकालाही चेंडू जाळीत घालता आला नाही. पहिली पेनल्टी घेणारा पाब्लो साराबिया जादा वेळेच्या अगदी शेवटी मैदानात उतरला होता. त्याचा फटका खांबाला लागला आणि पुढच्या दोन्ही पेनल्टी मोरोक्कोचा गोलरक्षक यासिन बूनोने अडवल्या.

सरावात ताज्या पायांनी मारलेल्या पेनल्टीवरून पाच नावे ठरवू नका. शुक्रवारी पूर्ण सराव झाल्यावर मुले थकलेली असताना सगळ्यांना मध्यरेषेवर रांगेत उभे करा, एकेकाला तिथून एकट्याला चालत ठिपक्यापर्यंत पाठवा आणि एकच फटका मारू द्या. बाकीचे बघत असतील. चालताना ज्याची नजर गोलरक्षकाकडे जात नाही आणि जो चेंडू ठेवल्यावर जागा बदलत नाही, अशांची नावे वहीत लिहून ठेवा. गोलरक्षकालाही त्या वेळी बाजूला बोलावून विचारा, त्याला बहुधा तुमच्याआधी कळलेले असते.