वाचकांचे प्रश्न : फोर्कलिफ्टचं स्टिअरिंग जड झालं, पंप बदलू का?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव) : आमच्या फाउंड्रीतली ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट सकाळी नीट वळते. दुपारनंतर स्लो रेसवर स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतं, रेस दिली की हलकं होतं. लोड मात्र उचलते. मेकॅनिक म्हणतो हायड्रॉलिक पंप (ऑईल दाबाने ढकलणारा) बदला. बदलावा का?

उत्तर : एवढ्यात नको. पण 'लोड उचलते' यावरही विसंबू नका. लोड उचलताना ड्रायव्हर रेस देतोच, त्यामुळे झिजलेला पंपसुद्धा तिथे निभावून नेतो. दुपारी ऑईल गरम असताना, स्लो रेसवर तेच वजन उचलून बघा. लिफ्टही रेंगाळली तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे. आधी टाकीतली पातळी (मास्ट म्हणजे फोर्कचा उभा सांगाडा सरळ, फोर्क जमिनीवर टेकवून), मग सक्शनची (टाकीतून पंपाकडे ऑईल ओढणाऱ्या वाटेची) जाळी आणि होसचं क्लिप बघा. जुना सक्शन होस बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतलं रबर सुटून वाट अडवतं. हे सगळं ठीक निघालं तरच पंप. स्टिअरिंगला वेगळा पंप असेल तर ही तुलना लागू नाही.

लिफ्ट दमदार आणि फक्त स्टिअरिंग जड, असं असेल तर पंपाला हात लावू नका. सकाळी हलकं असतं म्हणजे किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती) जाम असण्याचा संशय कमी. तरी बिनखर्चाची तपासणी म्हणून करून घ्या. पुढच्या चाकांना अडणी लावा, मागचा ॲक्सल जॅकवर घेऊन खाली लाकडी ठोकळे द्या (नुसत्या जॅकवर कधीच नाही), स्टिअरिंग सिलिंडरच्या (चाकं वळवणारा तो) लिंक सोडा आणि चाक हाताने फिरवा. अडखळलं तर बेअरिंग आणि ग्रीस बघा.

आता गेज. ऑर्बिट्रोलकडे (स्टिअरिंगच्या दांड्याखालचा, सिलिंडरला ऑईल वाटणारा व्हॉल्व्ह) जाणाऱ्या प्रेशर लाईनवर टी (तीन तोंडांचा जोड) टाकून २५० बारचं गेज लावा. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून ३-४ सेकंदच दाबून धरा. आकडा मॅन्युअलशी ताडा. थंड आणि गरम, दोन्ही वेळा कमी भरला तर रिलीफ व्हॉल्व्हच्या (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) सीटवर कचरा किंवा मेलेली स्प्रिंग. आकडा कमी म्हणून रिलीफचा स्क्रू आवळत सुटू नका, सिलिंडरचं सील फाटतं.

थंड असताना पूर्ण आणि गरम झाल्यावर कमी, हे तुमच्या लक्षणाशी जुळतं. ऑईल पातळ झालं की आतल्या आत गळतं, आणि स्लो रेसवर पंपाचा पुरवठा ती गळती भरून काढू शकत नाही. गळती सिलिंडरमध्ये की ऑर्बिट्रोलमध्ये, हे असं ठरवा : चाकं एका टोकाला वळवा, इंजिन बंद, स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून प्रेशर उतरवा. सिलिंडरच्या रिटर्न बाजूचा होस सोडून होसला आट्यांचं लोखंडी प्लग लावा. लाकडी बूच चालणार नाही, कारण कोणी चुकून उलट फिरवलं तर पूर्ण प्रेशर त्यावरच येतं. सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवा, इंजिन चालू करून त्याच टोकाकडे दाबा. धार लागली तर पिस्टन सील गेलं. नुसते थेंब आले तर सिलिंडर ठीक, मग ऑर्बिट्रोल. गळती हाताने चाचपू नका. बारीक धार कातडीत शिरते.

फाउंड्रीची बारीक वाळू लक्षात घेऊन प्रायॉरिटी व्हॉल्व्हही उघडा. पंपाचं ऑईल आधी स्टिअरिंगला आणि उरलेलं लिफ्टला देणारा हाच. स्पूल (आतला सरकणारा दांडा) अडकला किंवा त्यातलं सूक्ष्म छिद्र बुजलं, तर स्टिअरिंग उपाशी राहतं. स्वच्छ डिझेलने धुवा. स्पूल स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. पॉलिश पेपर बिलकूल नको.

प्रश्न (निपाणी, तंबाखू गोदाम) : ऑर्बिट्रोलला सील किट टाकलं. इंजिन चालू करताच स्टिअरिंग आपोआप गरगर फिरतं.

उत्तर : लगेच इंजिन बंद करा आणि हात दूर ठेवा, मनगट मोडतं. आतल्या दातेरी रोटरचं टायमिंग चुकलं आहे. ड्राईव्ह शाफ्टच्या क्रॉस पिनची रेषा रोटरच्या दोन दातांमधल्या खाचेशी जुळायला हवी. एक दात इकडे-तिकडे झाला तरी असंच होतं. पुढच्या वेळी उघडण्याआधी पंचने खूण करा. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे आत राहतात. आणि तंबाखूची धूळ उडते तिथे तर हे काम करूच नका.

प्रश्न (खानापूर, कौल कारखाना) : पावसाळ्यात हायड्रॉलिक ऑईल पांढरट होतं. हवा की पाणी?

उत्तर : काचेच्या बाटलीत थोडं काढून ठेवा. थोड्या वेळात खालून वर स्वच्छ होत गेलं तर हवा : सक्शनचे सांधे आवळा. तासाभरानेही दुधाळच राहिलं तर पाणी : ऑईल आणि फिल्टर बदला, टाकीचं झाकण आणि ब्रीदर (टाकीत हवा ये-जा करायची जाळीदार वाट) तपासा.