गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

हा प्रश्न मला इतक्या विश्वासी ख्रिस्ती लोकांनी विचारलाय, कोणी उघड तर कोणी दार लावून हळू आवाजात, की एकदा नीट लिहूनच टाकते. गोष्ट एका बाईंची आहे. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

नगरकडच्या एका चर्चच्या मंडळीतल्या, चाळीशीच्या आसपास, शाळेत शिक्षिका, रविवारी संडेस्कूलही घ्यायच्या. घरात एक मृत्यू झाला आणि त्यानंतर झोप उडाली, सारखं रडू यायचं, वर्गात फळ्यासमोर उभं राहिलं की डोकं एकदम रिकामं. सायकियाट्रिस्टनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या आणि दोनेक महिन्यांत फरक पडला. "पोरांच्या डब्यात रोज बटाटाच जायचा ताई, परत भाजी बदलायला लागले" असं त्या म्हणाल्या, आणि मला ते फार पटलं, घरात बरं होणं असंच तर दिसतं.

मग एका प्रार्थनेच्या मीटिंगमध्ये साक्ष देताना त्यांनी गोळ्यांचंही सांगितलं. देवाने डॉक्टर दाखवला, गोळी लागू पडली, प्रभूचे आभार. तिथे एका वडीलधाऱ्या बांधवांनी, प्रेमानेच पण सगळ्यांच्या देखत, बायबलातलं 2 इतिहास 16:12 काढून वाचलं. यहूदा राज्याच्या आसा राजाच्या पायांना रोग झाला, तो फार वाढला, तरी त्याने परमेश्वराला न शोधता वैद्यांना शोधलं. आणि वर म्हणाले, पुढच्याच वचनात राजा मेला बघा. बाई घरी आल्या आणि सगळ्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा गोळी बंद करून बारा दिवस झाले होते, चक्कर येत होती, मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं, रात्री तीनला जाग यायची ती यायचीच, आणि त्यांना वाटत होतं की देव आपल्याला शिक्षा करतोय कारण आपण आधी गोळ्या खाल्ल्या. मी बायबल उघडलं नाही. आधी सरळ विचारलं, जीव नकोसा वाटतो का? म्हणाल्या, झोपावं आणि उठूच नये असं वाटतं, पण स्वतःला काही करून घ्यावं असं नाही. मग त्यांच्यासमोरच मिस्टरांना फोन करून बोलावून घेतलं आणि डॉक्टरांना फोन लावला. या प्रकारच्या गोळ्या एकदम तोडल्या की चक्कर, करंटसारखे झटके, झोप उडणं हे होऊ शकतं, म्हणून त्या बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच. देव रागावलाय असा त्याचा अर्थ नाही आणि व्यसन लागलंय असाही नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या परत सुरू केल्या. (वाचणाऱ्या कोणाला असं उठू नये वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि रात्रीही लागतो.)

आसा राजाकडे आम्ही पुढच्या भेटीत आलो, त्या जरा झोपून आल्यावर. माझं एक ठाम मत आहे, दुखावलेल्या माणसाला एका वचनाच्या उत्तरादाखल दुसरं वचन फेकून मारायचं नाही, तेच वचन आख्खं वाचायचं. म्हणून 14 पासून 16 पर्यंत तीन अध्याय त्यांनीच मोठ्याने वाचले. आधीचा आसा केवढा भरवशाचा, कूशी जेरहाची मोठी फौज आली तेव्हा त्याने आधी देवाचा धावा केला. मग 16 मध्ये शेजारच्या इस्राएलचा बाशा राजा आसाविरुद्ध रामा नावाचं गाव बांधायला लागला आणि आसाने देवाला न विचारता परमेश्वराच्या मंदिरातलं सोनं-रुपं काढून मदतीसाठी दिमिष्कला अरामच्या राजाकडे, बेन-हदादाकडे पाठवलं. हनानी द्रष्ट्याने चूक दाखवली तर त्यालाच तुरुंगात टाकलं, लोकांवर जुलूम केला. हे सगळं झाल्यावर मग पायाचा रोग येतो. वैद्याला बोलावलं हा त्याचा दोष असं मला तरी तिथे दिसत नाही, त्याने देवाशी बोलणंच टाकलं होतं आणि दुखण्यातही ते परत धरलं नाही, "न शोधता" हा शब्द तिथे आहे तो यासाठी.

वाचता वाचता बाई थांबल्या. "ताई, रोग झाला एकोणचाळिसाव्या वर्षी आणि मेला एक्केचाळिसाव्या. म्हणजे पुढच्या वचनात मेला तरी मधे दोन वर्षं आहेत की." त्या भेटीत पहिल्यांदा त्यांच्यातली शिक्षिका बोलली. मी विचारलं, गोळ्या चालू होत्या तेव्हा तुमची प्रार्थना सुटली होती का? बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "उलट आहे ताई. गोळी लागू पडली तेव्हाच प्रार्थनेला बसता यायला लागलं. त्याच्या आधी गुडघे टेकले की नुसतं रडू."

पुढचं सगळं त्यांनी स्वतःच शोधून वहीत लिहून आणलं, मी फक्त एक-दोन जागा दाखवल्या. आजारी हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली आणि तरी यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. प्रेषित पौलाने आपला सोबती तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हटलं, दुसरा सोबती त्रफिम याला तर आजारी असतानाच मिलेत गावात ठेवून पुढे गेला, आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. मार्क 5 मधली रक्तस्रावाने आजारी बाई त्यांनी काढली तेव्हा मात्र त्यांचा आवाज बदलला. बारा वर्षं वैद्यांकडे फिरली, होतं नव्हतं ते संपलं, गुण नाही. येशूने तिला इतकी वर्षं वैद्यांकडे का गेलीस म्हणून झापलं नाही, "मुली" म्हणून हाक मारली.

आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा असं सांगणारा याकोब 5 मी मनापासून मानते, प्रार्थनेने देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, म्हणून मीच त्यांना म्हटलं की पाळकांना घरी बोलवा, तेल लावून प्रार्थना करून घ्या, फक्त त्या रात्रीची गोळी चुकवू नका. त्यांना एकदम आजी आठवली. आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती, डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या. "ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची असं आजी सांगायची. मग चाकू पण लागायचाच ना ताई."

त्या बांधवांशी मी बोलू का असं विचारलं तर नको म्हणाल्या. मी आग्रह केला नाही, तरी सगळ्यांसमोर कोणाच्या औषधाचा निवाडा करू नये असं मला आजही कळकळीने वाटतं. त्यांच्या त्या एका वाचनाने एक बाई बारा दिवस अंधारात होती.

मागच्या भेटीत त्या घाईत होत्या, शाळेत परीक्षा चालू. जाताना दारातून परत आल्या आणि म्हणाल्या, "ताई, शुक्रवारी आमची उपास-प्रार्थना असते, मला दुपारच्या जेवणानंतरची गोळी आहे, ती कशी घ्यायची?" मी म्हटलं हे डॉक्टरांनाच विचारू, आणि तिथूनच फोन लावला. शुक्रवारी संध्याकाळी उपास सोडला की जेवून मग गोळी घ्या, चालेल, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं, हिज्कीयाच्या खाली.