लेक रस्त्यावर गाड्या मोजते, पैसा कोण देणार?

सावद्याच्या एका केळी उत्पादक वडिलांचं पत्र आलंय. मुलगी जळगावला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर वही घेऊन गाड्या मोजते, वाहतुकीवरच संशोधन करायचं म्हणते. लोक हसतात. वडील विचारतात, ‘याला पैसा कोण देतो? वावर तर विकावं लागणार नाही ना?’

दादा, वावराला हात लावू नका. गेट या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेतून एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. फी आणि वसतिगृहासाठी घरून थोडी भर लागेल. पुढे पीएच.डी.ला कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्याला मिळणारं मानधन) २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००. घरभाडं वेगळं.

सावध राहायचं ते प्राध्यापकाच्या प्रकल्पातून मिळणाऱ्या पैशाबाबत. प्राध्यापक प्रस्ताव लिहितात, त्यात उपकरणं, माणसं, प्रवास यांचा खर्च मांडतात आणि सरकारकडून निधी हप्त्यांनी येतो. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामाला लागल्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. तो रखडला की प्रकल्पावरच्या मुलांचा पगारही रखडतो, आणि मुदत संपली की प्रबंध अर्धा असला तरी पगार बंद. म्हणून प्रवेशाआधी विचारा : अधिछात्रवृत्ती मुलीच्या नावाची की प्रकल्पाची? प्रकल्पाची असेल तर मुदत किती उरली? माझं मत विचाराल, तर तिने स्वतःच्या नावाची मिळवावी, एक वर्ष जास्त गेलं तरी चालेल.

आणि ती वही जपा. दर पंधरा मिनिटांचा वेगळा रकाना, चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या कोष्टकात खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवर ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर वाहतुकीच्या हिशोबात साडेचार मोटारींइतका धरला आहे आणि बैलगाडी आठ! केळी काढणीच्या दिवसांत रस्ता का तुंबतो, शेतापासून ट्रकपर्यंतच्या खड्ड्यांत किती घड काळे पडतात, हे प्रश्न त्या वहीतूनच निघतील. असा नेमका प्रश्न हाती असला की प्रस्तावाला वजन येतं.

कोणती ट्रॉली कुठल्या शिवारातून भरून आली, हे तुम्ही लांबूनच ओळखता, तिला ते कळायचं नाही. पुढच्या सुट्टीत एक दिवस तिच्याशेजारी बसा.