प्रोसेसर बदलायचाय, बोर्ड राहू दे

यावेळी गेमिंग पीसीचेच प्रश्न जास्त आलेत, त्यातले तीन घेतोय. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण तसा सेटअप बऱ्याच जणांकडे आहे आणि त्यात विनाकारण खर्च करायला लावणारे सल्ले पण खूप मिळतात.

प्रश्न : दादा, माझ्याकडे रायझन ३ २२००जी, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आहे. व्हॅलोरंट खेळतो. नुसतं फिरताना सेकंदाला १४० फ्रेम दिसतात पण फाइट सुरू झाली की ६० वर येतं आणि अडखळतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १०० टक्के, ग्राफिक्स कार्ड ५० च्या आसपास. दुकानदार म्हणतात एएम४ संपलं, बोर्ड-रॅम-प्रोसेसर तिन्ही बदल. माझ्याकडे सगळे मिळून १५ हजार आहेत. काय करू?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : अरे, निम्मं उत्तर तूच दिलंयस. कार्ड ५० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १०० वर, म्हणजे कार्ड रिकामं बसलंय. प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या एकेका चित्रात, कोण कुठं आहे, गोळी कुठं लागली हा हिशोब प्रोसेसर करतो आणि मग कार्ड ते चित्र काढतं. आपल्याकडच्या यंत्रमागावर सुताच्या कांड्या वेळेत भरून आल्या नाहीत तर माग कितीही भारी असू दे, थांबूनच राहतो, तसंच हे. २२००जी मध्ये चार कोअर (हिशोब करणारे भाग), चारच थ्रेड (एकावेळी चालणारी कामं) आणि एल-३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) फक्त ४ एमबी, आणि तू मागं डिस्कॉर्ड, क्रोम पण चालू ठेवत असशील तर फाइटच्या वेळी त्याच्याकडं उरतं काय?

आता दुकानदारांचं म्हणणं. एएम४ म्हणजे तुझ्या बोर्डवरचं प्रोसेसर बसायचं सॉकेट, त्यावर नवीन पिढी येणार नाही हे खरंय, २०२२ पासून रायझन बनवणारी एएमडी एएम५ या नव्या सॉकेटवर गेली. पण तुला नवीन पिढी नकोय, तुला आत्ताच्यापेक्षा बरंच पुढचं पाहिजे आणि ते तुझ्याच बोर्डवर बसतं. एएम५ ला गेलास तर बोर्ड नवा, रॅम डीडीआर५ च लागते, जुनी चालत नाही, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत ते वेगळंच. १५ हजारांत ते तिन्ही बसवायला गेलास तर प्रत्येक वस्तू हलकी घ्यावी लागेल. मला तरी ते अजिबात पटत नाही.

माझं मत सरळ आहे, रायझन ५ ५६०० घे. सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी कॅश, ६५ वॅट. यात ५५००, ५६००जी आणि ५६०० ही नावं सारखी वाटतात आणि तिथंच लोक फसतात. ५५०० आणि ५६००जी मध्ये कॅश निम्मी म्हणजे १६ एमबी आहे, आणि व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये कॅशचा फरक पडतो, म्हणून ५५०० बरंच स्वस्त मिळत असेल तरच तिकडं बघ. जी वाल्याचे पैसे तू आतल्या ग्राफिक्ससाठी देणार आणि तुझ्याकडे कार्ड तर आहेच. कोणी सेकंडहँड ३६०० देत असेल तर तो वाईट नाही, पण त्याचे सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि ३२ एमबी कॅश पण १६-१६ अशी वाटलेली आहे, ५६०० मध्ये सगळ्या कोअरना अख्खी कॅश मिळते, त्यामुळे फ्रेम जास्त स्थिर राहतात. ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी भारीच आहेत, ९६ एमबी कॅश आहे, पण १६६० सुपरसोबत तेवढा खर्च करू नको, उरलेले पैसे पुढं कार्डासाठी ठेव.

दुसरी गोष्ट रॅम. एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, प्रोसेसरकडे डेटा यायचा रस्ता निम्मा. त्याच स्पीडची अजून एक ८ जीबीची स्टिक टाक, प्रोसेसरच्या बाजूनं मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव (बोर्डला दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही) आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना चालणारं बोर्डचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडनं चालवणारी सेटिंग) चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत बसते आणि आपल्याला पत्ताच नसतो. नवीन रॅमला पैसे पुरले नाहीत तर जुनी घे. जुन्या रॅममध्ये मला फार भीती वाटत नाही, दुकानातच लावून चालवून बघता येते.

आता बसवायचं काम, आणि हे नीट वाच कारण नुकसान होतं ते इथंच. आधी जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस अपडेट करायचं. जुनं बायोस ५६०० ला ओळखत नाही, नवा लावून चालू केलास तर स्क्रीन काळीच राहील. तुझ्या बोर्डचं पूर्ण नाव बघ, कंपनीच्या साइटवर त्या बोर्डच्या प्रोसेसर यादीत ५६०० पुढं कुठलं बायोस व्हर्जन लिहिलंय ते किंवा त्याच्या पुढचं पेनड्राइव्हवर घे, पेनड्राइव्ह एफएटी३२ ला फॉरमॅट केलेला पाहिजे. आणि अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो, त्यामुळे यूपीएस नसेल तर मित्राचा आण, किंवा यूपीएस असलेल्या दुकानात करून घे. यात घाई नको.

मग कूलर काढताना. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि प्रोसेसर आणि कूलरच्या मधली वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते, कूलर सरळ वर ओढला की लॉक लावलेला असून पण प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी अर्धा तास गेम खेळ, पेस्ट गरम होऊ दे, मग बंद करून प्लग काढ आणि कूलर हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडव. जुना २२००जी विकायचा तर त्या पिना सरळ राहिल्या तरच भाव येतो. किंवा विकूच नको, ५६०० ला आतलं ग्राफिक्स नाही, उद्या कार्ड बिघडलं तर स्क्रीन दिसायला तोच उपयोगी पडेल.

घेताना बॉक्स पीस घे. त्यात कूलर येतो आणि कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रे पीस, म्हणजे बॉक्सशिवायचा सुटा प्रोसेसर, थोडा स्वस्त सांगतात पण त्यात कूलर नसतो आणि वॉरंटी विकणारा देईल तेवढीच. अजून एक, २२००जी विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ५६०० टाकल्यावर तो प्रश्न पण सुटतो. फक्त विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू लागतं, या सुरक्षेच्या दोन्ही सेटिंग बायोसमध्येच आहेत.

प्रश्न : सर, मुलगा बारावीला आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आय५ ७४००, एच११० बोर्ड, १०५० टीआय कार्ड आहे. नवीन गेम अडकतात म्हणून प्रोसेसर बदला म्हणतो. एकाने जुना आय५ ९४००एफ देऊ केलाय, सॉकेट ११५१ च आहे, बसतो म्हणाला. घ्यावा का?
— एक पालक, अशोक चौक

उत्तर : नमस्कार. तो घेऊ नका. सॉकेटचं नाव ११५१ च आहे आणि बोर्डात बसेल सुद्धा, पण चालणार नाही. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीला ३०० सिरीजचा बोर्ड लागतो आणि तुमचा एच११० सहाव्या-सातव्या पिढीचा आहे. त्या बोर्डवर जास्तीत जास्त सातव्या पिढीचा आय७ जाईल, पण तोही विंडोज ११ च्या यादीत नाही, त्यात पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

आणि मुळात अडचण प्रोसेसरचीच आहे का ते आधी बघा, मला तरी कार्डाचा संशय जास्त आहे, १०५० टीआय २०१६ चं आहे आणि त्यात ४ जीबी मेमरी आहे. मुलाला शेजारी बसवून त्याच्या गेममध्ये रिझोल्यूशन १०८० वरून ७२० करायला सांगा. फ्रेम चांगल्या वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर. प्रोसेसर निघाला तर परीक्षा झाल्यावर आय५ १२४००एफ आणि डीडीआर४ रॅम चालणारा एच६१० बोर्ड घ्या, म्हणजे आत्ताची रॅम डीडीआर४ असेल तर तीच वापरता येईल. एच११० चे काही बोर्ड डीडीआर३ वाले पण होते, तेवढं तपासून घ्या.

प्रश्न : ५६०० घेतला, कंपनीचाच कूलर आहे. मे महिन्यात गेम खेळताना ८५ डिग्री जातं. खराब होईल का? घराशेजारी यंत्रमाग आहेत.
— एमआयडीसी, अक्कलकोट रोड

उत्तर : खराब नाही होणार, ५६०० ची मर्यादा ९० आहे आणि तिथं पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो. पण मे मध्ये आपल्याकडं खोलीतच ४० च्या आसपास असतं, आतली हवा त्याच्यापेक्षा गार होणार कशी? तुमच्याकडं कापसाचे तंतू उडतात ते कूलरच्या पट्ट्यांत जाऊन थर धरतात, तर पंखा बोटानं धरून ब्लोअर मारा, पुढच्या जाळीला धुता येणारा फिल्टर लावा आणि कॅबिनेट भिंतीपासून लांब ओढा. एवढं करून पण ८५ च्या खाली येत नसेल तर एएम४ ला बसणारा १२० एमएम पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या, पाण्याचा नको. कॅबिनेटमध्ये त्याची उंची मावते का ते मात्र आधी मोजा.