बारा काळ पाठ होत नाहीत. व्याकरण सोडून थेट इंग्रजी बोलायला लागू का?

सोडू नका. बारा काळांचा तक्ता बाजूला ठेवलात तरी चालेल, व्याकरण मात्र सोडू नका.

तुम्ही लिहिलंय की वाचलेलं बऱ्यापैकी कळतं, पण बोलताना वाक्य मध्येच अडतं. क्लासच्या सरांनी सांगितलंय, "व्याकरण विसरा, लहान मूल कुठे व्याकरण शिकतं? बोलत सुटा." हे लहान मुलाचं वाक्य वाचलं आणि मी लिहायला बसले, कारण याच वाक्यावरून माझं एका माणसाशी बरंच वाजलेलं आहे.

मी एका इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये शिकवत होते. 'व्याकरणाशिवाय इंग्रजी' हीच तिथली जाहिरात होती आणि संचालक ती अक्षरशः पाळत. वर्गात नियम सांगायचा नाही, फळ्यावर क्रियापदाची रूपं लिहायची नाहीत, विद्यार्थी चुकला तरी थांबवायचं नाही. माझ्या वर्गात चाळिशी ओलांडलेल्या एक ताई होत्या. कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करायच्या. बढती मिळाली आणि परदेशी ग्राहकांशी फोनवर, ईमेलवर बोलणं त्यांच्याकडे आलं. बोलायला त्या मुळीच घाबरत नसत. पण प्रत्येक प्रश्न 'डिड यू रिसीव्ड' आणि प्रत्येक नकार 'आय डिडन्ट गॉट'. वर्गात कोणी टोकायचं नाही, त्यामुळे हेच घट्ट होत चाललं होतं.

एक दिवस त्यांनी विचारलं, "मॅडम, ते लोक मला 'डिड यू सेंड' असं लिहितात. विचारतायत तर झालेल्या गोष्टीबद्दल. मग 'सेंट' का नाही?" किती नेमका प्रश्न! संचालक दारातच उभे होते. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "का विचारायचं नाही. ऐकत राहा, कानाला सवय होईल." ताई गप्प बसल्या. ज्या ईमेलमुळे हा प्रश्न पडला, ते ईमेल त्या रोज वाचत होत्या. सवय व्हायची असती तर एव्हाना झाली असती.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं आणि त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. 'यू सेंट इट.' इथे भूतकाळाची खूण 'सेंट'वर आहे. आता प्रश्न करायचा तर इंग्रजीला 'डू' आणावा लागतो. तो आला की भूतकाळाची खूण तो स्वतःकडे घेतो आणि 'डिड' होतो. मागे राहतं ते कोरं 'सेंड'. खूण एकदाच, आणि ती पहिल्या क्रियापदावर. बस, एवढंच सांगितलं. ताई त्या पानाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे 'ही वर्क्स'मधला एस पण 'डझ'वर जातो? म्हणून 'डझ ही वर्क'?" हे मी सांगितलंच नव्हतं! एका नियमावरून दुसरा त्यांनी स्वतः काढला, आणि जिना उतरेपर्यंत 'डझन्ट' आणि 'डिडन्ट'ही जुळवून झाले होते.

पुढच्या काही आठवड्यांत त्या वर्गात बोलताना मध्येच थांबू लागल्या. 'डिड यू रिसी...' म्हणायच्या, क्षणभर थांबायच्या आणि बरोबर रूप घ्यायच्या. मग थांबणं कमी होत गेलं. मला शिकवण्यात जे काही समाधान मिळालं, त्यात हे फार वरचं आहे.

संचालकांना मात्र ते थांबणंच खटकलं. मला बोलावून म्हणाले, "तुम्ही त्यांचा आत्मविश्वास घालवताय, आधी कशा धडाधड बोलायच्या." आणि मग तेच लहान मूल. मी सांगितलं की आत्मविश्वास गेला नाही, त्यांना स्वतःची चूक ऐकू यायला लागलीय. त्यांना पटलं नाही. काही महिन्यांनी मी तो क्लास सोडला.

आता त्या लहान मुलाबद्दल सांगते. लहान मूल वर्षानुवर्षं, झोपेची वेळ सोडली तर सतत, एकच भाषा ऐकत असतं. त्याला दुसरं काही काम नसतं आणि आधीची कुठली भाषा मध्ये येत नसते. तुम्हाला दिवसाचा अर्धा तास मिळतो आणि डोक्यात मराठी पक्की बसलेली आहे. तुमच्यात आणि त्या मुलात साम्य कसलं?

'नुसतं ऐकून आणि बोलून होतं' याची परीक्षाही झालेली आहे. रिचर्ड श्मिट या अभ्यासकाने हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराच्या इंग्रजीचा सुमारे तीन वर्षं मागोवा घेतला आणि 1983 साली तो प्रसिद्ध केला. हा माणूस गप्पिष्ट, इंग्रजी बोलणाऱ्यांत रोज वावरणारा, शिकवणीची ओढ नसलेला. संवाद साधण्यात तो खूप पुढे गेला, व्याकरण मात्र जवळजवळ होतं तिथेच राहिलं. कॅनडात 1965 पासून माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत सगळं फ्रेंचमधूनच शिकवायला सुरुवात झाली. अशा शाळांतल्या मुलांना ऐकलेलं फ्रेंच उत्तम समजू लागलं, पण कित्येक वर्षांनंतरही बोलण्या-लिहिण्यातल्या व्याकरणाच्या चुका टिकून होत्या. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. म्हणजे मुलं असूनही आणि दिवसभर भाषा कानावर पडूनही हे आपोआप झालं नाही.

व्याकरणाविरुद्ध बोलणारे बहुतेकदा दुसरी भाषा कशी येते याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांचा आधार घेतात. त्यांचं म्हणणं असं, की जाणीवपूर्वक शिकलेला नियम फक्त तपासनिसाचं काम करतो, आणि त्यासाठी वेळ लागतो. ठीक आहे, तेवढंच करू द्या! ईमेल लिहिताना वेळ असतोच की. शिवाय श्मिट यांनी ब्राझीलमध्ये स्वतः पोर्तुगीज शिकताना टिपणं ठेवली होती. त्यांवरून त्यांना दिसलं, की जी रूपं लोकांच्या बोलण्यात त्यांच्या लक्षात आली, तीच पुढे त्यांच्या बोलण्यात उतरली. कानावर पडणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं. ताईंच्या बाबतीत नियमाने हेच केलं. 'डिड'च्या मागचं कोरं क्रियापद त्यांना दिसायला लागलं.

आता तुमचे बारा काळ. ते पाठ होत नाहीत यात नवल काहीच नाही, कारण ते बारा सुटे तुकडे नाहीतच. तीन जोड्या लक्षात ठेवा. 'विल', 'कॅन', 'मस्ट', 'डू' यांच्यामागे क्रियापद मूळ रूपात येतं. 'हॅव'च्या मागे तिसरं रूप येतं. चालू असलेली क्रिया दाखवणाऱ्या 'बी'च्या, म्हणजे 'अॅम, इज, आर, वॉज, वेअर, बीन' यांच्या मागे आयएनजी येतं. काळाची खूण रांगेतल्या पहिल्या क्रियापदावर. 'शी विल हॅव बीन वर्किंग' हे तक्त्यातलं सगळ्यात भीतिदायक वाक्य घ्या. 'विल'मुळे 'हॅव' मूळ रूपात, 'हॅव'मुळे 'बी'चं तिसरं रूप 'बीन', 'बीन'मुळे 'वर्किंग'. प्रत्येक सहायक क्रियापद फक्त आपल्या मागच्याचं रूप ठरवतं. हे एकदा हाताने लिहून पाहिलंत की तक्ता तुमचा तुम्हाला मांडता येईल. आणि तक्त्याच्याही आधी प्रश्न आणि नकार शिका. शाळेत विधानं इतकी घोटून घेतात आणि प्रश्न शेवटी उरकतात, हे मला कधीच पटलेलं नाही. दोन माणसांचं बोलणं प्रश्नांवरच चालतं.

मराठीतून येणाऱ्यांची एक जागा वेगळी सांगते, कारण तिथे कान हमखास फसवतो. आपण 'मी त्याला काल भेटलोय' बिनदिक्कत म्हणतो. इंग्रजीत 'आय हॅव मेट हिम यस्टरडे' चालत नाही. काल, गेल्या वर्षी, 2019 मध्ये अशी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ, 'आय मेट हिम यस्टरडे'. उलट 'मी पाच वर्षं इथे काम करतोय' याला आपण वर्तमानकाळ वापरतो आणि म्हणून 'आय अॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' तोंडात येतं. तिथे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स' हवं. मुदत सांगताना 'फॉर', सुरुवातीचा क्षण सांगताना 'सिन्स'. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही तर मराठीच्या सवयीने तुम्ही जन्मभर तेच म्हणत राहाल आणि समोरच्याला अर्थ कळत असल्यामुळे तो दुरुस्तही करणार नाही.

'ही वर्क्स'मधला एस मात्र सारखा निसटतो म्हणून स्वतःवर चिडू नका. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी 1973 मध्ये इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या मुलांचा अभ्यास मांडला, त्यातही आयएनजी आधी आणि हा एस बराच उशिरा आला. लिहिल्यावर एकदा तपासायचा, बोलताना सुटला तर पुढे जायचं. आर्टिकलचंही, म्हणजे 'अ, अॅन, द'चंही, तसंच. ते नियमांपेक्षा वाचनातूनच जास्त येतं. इथे तुमच्या सरांचा मुद्दा मी मान्य करते.

दोन गोष्टी राहिल्या. बोलणं लांबणीवर टाका असं मी कुठेही म्हणत नाही. आज एक नियम कळला की आजच त्याचे दहा प्रश्न कोणाला तरी मोठ्याने विचारा. आणि तुम्हाला परीक्षा द्यायची असेल तर काळांची नावंही पाठ करावी लागतील, कारण तिथे प्रश्न नावानिशीच येतात. फक्त बोलायचं असेल तर 'पास्ट परफेक्ट कंटिन्युअस' हे नाव तुम्हाला कुणीही विचारणार नाही. 'का' विचारल्यावर गप्प बसवतो तो क्लास मात्र बदला.