गोल्फच्या स्विंगमध्ये गुडघ्यांनी काय करावे?

(सर्व उत्तरे उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्या खेळाडूंनी डावे-उजवे उलट करून वाचावे.)

प्रश्न : मी ५२ वर्षांचा असून गेली तीन वर्षे दर शनिवार-रविवार गोल्फ खेळतो. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे फटक्याआधी काठी मागे-वर नेताना, उजवा गुडघा सुरुवातीला जेवढा वाकलेला असेल तेवढाच शेवटपर्यंत वाकलेला ठेवायचा, असे मला शिकवले गेले. तो नियम कटाक्षाने पाळू लागल्यापासून खांदे पुरेसे वळत नाहीत आणि नऊ होल संपेपर्यंत कमरेत कळ येऊ लागते. माझे नेमके काय चुकते? – एक वाचक, पुणे

उत्तर : चूक आपली नाही, आपल्याला दिलेल्या नियमाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कमरेखालचा भाग खुंटीसारखा रोवून ठेवायचा आणि वरचे शरीर त्याच्याविरुद्ध पिळायचे, म्हणजे स्प्रिंगसारखा ताण साठतो व चेंडू लांब जातो, ही त्यामागची कल्पना. लवचीक शरीराच्या आणि रोज व्यायाम करणाऱ्या तरुण व्यावसायिक खेळाडूला ती पेलते. आठवडाभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ती सांगणे मला योग्य वाटत नाही.

कारण शरीररचनेत आहे. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो. तो वाकतो आणि सरळ होतो, पण स्वतःभोवती फारच थोडा फिरतो. कमरेचा मणकाही वळण्यासाठी घडलेला नाही, त्याचे प्रत्येक मणक्यामागे वळणे एक-दोन अंशांचेच असते. वळण्याचे खरे काम खुब्याचे सांधे आणि पाठीचा वरचा भाग करतात. शिकवताना साधारणपणे खांदे ९० अंश आणि कंबर ४५ अंश असा हिशेब सांगितला जातो. आता आपण चेंडूसमोर खुब्यातून पुढे झुकून उभे असता. त्या झुकलेल्या अवस्थेत कंबर उजवीकडे वळली की तिची उजवी बाजू मागे आणि थोडी वर जाते, डावी बाजू पुढे आणि थोडी खाली येते. उजवी बाजू वर जायची तर उजवा पाय लांब व्हायला हवा, म्हणजेच उजवा गुडघा थोडा सरळ व्हायला हवा. डावी बाजू खाली यायची तर डावा गुडघा अधिक वाकून चेंडूच्या दिशेने आणि किंचित उजवीकडे यायला हवा. उजवा गुडघा जागच्या जागी बांधून ठेवला तर कंबर अर्ध्यातच अडते आणि उरलेले वळण कमरेच्या मणक्यातून ओढून काढावे लागते. आपल्याला येणारी कळ बहुधा तिथूनच येते.

जुन्या थोर खेळाडूंची छायाचित्रे जरूर पाहावीत. १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारे बॉबी जोन्स आणि मेजर म्हणजे प्रमुख स्पर्धांची १८ विजेतेपदे मिळवणारे जॅक निकलॉस, हे दोघेही लांब फटका मारताना बॅकस्विंगमध्ये डावी टाच जमिनीवरून उचलू देत असत. टाच मुद्दाम उचलायची नसते. कंबर मोकळेपणाने वळली की डावा गुडघा आत येतो आणि त्याच्यामागून टाच आपोआप सुटते. तीच टाच पुन्हा जमिनीवर टेकणे ही डाउनस्विंगची, म्हणजे काठी खाली चेंडूकडे आणण्याची, उत्तम सुरुवात ठरते. ज्यांचे खुबे आखडले आहेत त्यांनी ही मोकळीक अवश्य घ्यावी. पंक्तीला मांडी घालून किंवा अंगणात उकिडवे बसणे ज्यांचे सुटले आहे, त्यांना हा आखडलेपणा लवकर जाणवतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

मात्र दोन मर्यादा सांभाळाव्यात. उजवा गुडघा सरळ होताना पूर्ण ताठ होऊन अडकू नये, आणि तो उजव्या पावलाच्या बाहेर सरकू नये. भार पावलाच्या आतल्या कडेवर व टाचेवर जाणवला पाहिजे. बाहेरच्या कडेवर गेला तर आपण वळत नसून नुसते बाजूला झुकत आहात. तपासण्यासाठी भिंतीकडे पाठ करून, नितंब आणि भिंत यांत मुठीएवढे अंतर ठेवून, हात छातीवर बांधून उभे राहावे. बॅकस्विंगसारखे वळल्यावर उजवा नितंब भिंतीला टेकावा, आणि उलट वळताना डावा. रोज वीस वेळा, काठी हातात न घेता, एवढे पुरे आहे.

प्रश्न : महाविद्यालयात असताना मी क्रिकेट खेळत असे. गोल्फमध्ये चेंडूला काठी लागते त्या क्षणी माझा डावा गुडघा वाकलेलाच राहतो आणि चेंडू कमी अंतर जातो. हे जुन्या सवयीमुळे होत असेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तसे होण्याचा संभव मोठा आहे. कव्हर ड्राइव्ह मारताना पुढचा गुडघा वाकवून डोके चेंडूवर नेण्याचे जे वळण आपल्या पिढ्यांना लागले आहे, ते गोल्फमध्ये आड येते. गोल्फच्या पुढच्या पायाचे काम फलंदाजापेक्षा वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायाशी जास्त जुळते. चेंडू सोडताना ज्याचा पुढचा पाय ताठ उभा राहतो त्याच्या धावण्याचा वेग खांद्यात आणि हातात उतरतो. ज्याचा पाय कोलमडतो त्याचा वेग तिथेच विरतो.

गोल्फमध्ये हा क्रम दोन टप्प्यांत घडतो. हात अजून वरच्या टोकाला पोहोचत असतानाच भार डाव्या पावलाकडे सरकू लागतो आणि डावा गुडघा लक्ष्याच्या दिशेने जाऊन आणखी थोडा वाकतो. त्या क्षणी दोन्ही गुडघ्यांमध्ये अंतर पडते आणि खेळाडू खुर्चीत बसू पाहत असल्यासारखा दिसतो. जुन्या पिढीतील अमेरिकन खेळाडू सॅम स्नीड यांच्या स्विंगमधील ही अवस्था फार प्रसिद्ध आहे. त्यानंतर डावा पाय जमिनीला खाली रेटत सरळ होत जातो, डावा खुबा मागे आणि वर जातो आणि काठीचे टोक वेगाने पुढे येते. गुडघा सरळ करायचा असे मनात आणू नये. जमीन खाली दाबायची आहे असे म्हणावे, गुडघा आपले पाहून घेतो.

उजव्या गुडघ्याबद्दल एकच सांगतो. तो डाव्या गुडघ्याकडे जायला हवा, चेंडूकडे नाही. तो चेंडूकडे ढकलला गेला की कंबर पुढे येते, हातांना जागा उरत नाही आणि फटका कधी काठीच्या मानेवर (दांडा खालच्या पात्याला जुळतो तिथे), कधी चेंडूच्या माथ्यावर बसतो. शेवटी उजव्या पायाचा फक्त चवडा टेकलेला, गुडघे जवळ आणि पट्ट्याचे बक्कल लक्ष्याकडे, अशा स्थितीत तीन सेकंद स्थिर उभे राहता आले तर मधले बहुतेक बरोबर झाले असे समजावे.

प्रश्न : अठरा होल खेळल्यावर डावा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. खेळ सोडावा लागेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर काठी बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, लेख वाचून त्यावर उपाय करू नये. तसे काही नसेल तर खेळ सोडण्याची गरज बहुधा पडणार नाही, पण डाव्या गुडघ्यावर काय येते ते समजून घ्यावे. कृत्रिम गुडघ्यात संवेदक बसवून केलेल्या मोजमापांत स्विंगच्या वेळी पुढच्या गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या चौपटीहून अधिक भार आढळला आहे, आणि मागच्या गुडघ्यावर त्याहून कमी. टायगर वुड्स तरुणपणी अधिक अंतरासाठी डावा गुडघा झटक्यात ताठ करीत असत. २००८ ची अमेरिकन ओपन त्यांनी टॉरी पाइन्स येथे त्याच गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला आणि नडगीचे हाड चिरलेले असताना ९१ होल खेळून जिंकली. लगेच शस्त्रक्रिया झाली आणि उरलेला हंगाम बुडाला. त्या जिद्दीला माझा नमस्कार आहे, पण आपण त्याचे अनुकरण करू नये.

आपण उभे राहताना डाव्या पावलाचा चवडा वीस ते तीस अंश लक्ष्याकडे वळवून ठेवावा, म्हणजे शेवटच्या वळणाचा पीळ गुडघ्यात अडकत नाही. त्यामुळे बॅकस्विंग थोडा आखडला तर डावी टाच सुटू द्यावी. फटका बसून गेल्यावर डावे पाऊल जागेवरच फिरू लागले तर त्याला फिरू द्यावे. पावसाळ्यात ओल्या गवतावर घसरू नये म्हणून अनेक जण फार घट्ट पकडीचे बूट घालतात. पाऊल जमिनीत रुतून बसते आणि शरीर मात्र वळत राहते, तेव्हा तो पीळ गुडघ्यालाच सोसावा लागतो. त्या दिवसांत ड्रायव्हरऐवजी (लांब फटक्याच्या सर्वांत लांब काठीऐवजी) छोटी काठी घेऊन तीन-चतुर्थांश स्विंग करावा, आणि सरावाला गेल्यावर शंभर चेंडू सलग मारण्याऐवजी दर दहा चेंडूंनंतर दोन मिनिटे थांबावे.